मायक्रोच्या बेंचवर नवीन आहात? लघवीच्या डबीपासून जंतूच्या नावापर्यंत

आमच्याकडे दरवर्षी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) नाहीतर बीएस्सी मायक्रो (मायक्रोबायोलॉजी) झालेली नवी पोरं-पोरी येतात आणि सगळ्यांचं एकच असतं, टेस्ट धडाधड पाठ, झोपेतून उठवून विचारलं तरी इंडोल पॉझिटिव्ह सायट्रेट निगेटिव्ह सांगतील, पण हातात प्लेट (जंतू वाढवायची जेलीची बशी) दिली की गप्प. चूक त्यांची नाही म्हणा. पुस्तकात जंतूचं नाव आधी असतं आणि त्याखाली त्याच्या टेस्ट, आणि बेंचवर बरोबर उलटं, समोर टेस्ट असतात आणि नाव सगळ्यात शेवटी येतं, कधी कधी येतही नाही. मी पंधरा वर्षं याच कामात आहे, लॅब मध्यम आकाराची, मोठी मशीन आमच्याकडे नाहीत, त्यामुळे जे काही आहे ते डोळे, लूप (नमुना उचलायची तारेची कडी) आणि वीसेक बाटल्या. तेवढ्यावर किती लांब जाता येतं ते सांगते.

आधी ठरवा, हा आपला पाहुणा आहे का

लोक सरसकट 'जंतू' म्हणतात. डेंग्यूचा पण जंतू, टायफॉइडचा पण जंतू, नायट्याचा पण जंतू. आपल्याला मात्र वेगळं करावंच लागतं. व्हायरस इतका लहान की आपल्या साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही आणि आपल्या प्लेटवर वाढतही नाही, त्याला जिवंत पेशी लागते. म्हणून डेंग्यूसाठी एनएस१ नाहीतर आयजीएम या रक्ताच्या टेस्ट करतात, कल्चर (म्हणजे प्लेटवर जंतू वाढवणं) नाही. बॅक्टेरिया साधारण एक ते पाच मायक्रोमीटरचे (आपली तांबडी पेशी सात-आठची असते, म्हणजे अंदाज करा), ते हजारपट मोठं करून तेलाच्या लेन्सखाली दिसतात आणि बहुतेक प्लेटवर वाढतात. बुरशी यीस्टसारखी गोल नाहीतर धाग्यांची असते. मग परजीवी, मलेरियाचा प्लाझ्मोडियम, शौचातला अमीबा, जंत. हे आपण कल्चर करत बसत नाही, सरळ मायक्रोस्कोपखाली शोधतो.

बॅक्टेरियातही सगळे आपल्या प्लेटवर येतातच असं नाही. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायलाच पंधरा-वीस तास घेतो, त्याला एलजे मीडियावर (त्याच्यासाठीचं खास खाद्य) सहा-आठ आठवडे द्यावे लागतात, तुम्ही दुसऱ्या दिवशी 'नो ग्रोथ' लिहून मोकळे झालात तर त्याला काही अर्थ नाही. लेप्टोस्पायरा हा जंतू ग्रॅम स्टेनवर (जंतू रंगवायची पद्धत, पुढे येईल) दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

मग विचारा, तो आला कुठून आणि जातो कुठून

हा भाग पोरं सोडून देतात, कारण तो पीएसएमवाल्यांचा (साथी आणि सार्वजनिक आरोग्य बघणाऱ्यांचा) वाटतो. पण हे कळल्याशिवाय नमुना कुठला घ्यायचा तेच कळत नाही. मी तीन प्रश्न विचारते. जंतू राहतो कुठे, कशातून प्रवास करतो, आणि नव्या माणसात शिरतो कुठून.

टायफॉइडचं बघा. साल्मोनेला टायफी फक्त माणसात राहतो, काही जणांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, शौचातून बाहेर पडतो, पाणी किंवा हाताने केलेल्या खाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातो आणि आतड्यातून रक्तात. म्हणजे पहिल्या आठवड्यात तो रक्तात सापडायची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. ताप येऊन दोन दिवस झाले की विडाल (टायफॉइडच्या अँटिबॉडी शोधायची रक्ताची टेस्ट) करायला सांगतात त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, अँटिबॉडी तयार व्हायला वेळ तरी द्या ना.

टीबी, गोवर, कांजिण्या हवेतून. हवेतून म्हणजे शिंकेचे मोठे थेंब नाहीत, ते मीटर-दोन मीटरवर खाली पडतात, इथे वाळलेले बारीक कण खोलीत तरंगत राहतात. म्हणून थुंकीची डबी बेंचवर उघडायची नाही, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी हे रक्तातून, म्हणून सुईला परत टोपण लावायचं नाही. उंदराच्या लघवीतून लेप्टो, पायाच्या जखमेतून आत. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत ताप आणि कावीळ घेऊन जे पेशंट आले त्यात लेप्टोचे बरेच होते, कारण सगळं शहर कमरेएवढ्या पाण्यातून चाललेलं. आणि मधला दुवा डोळ्यांना दिसतोच असं नाही. १८९६ला मुंबईत प्लेग आला तेव्हा उंदीर मरताना लोक बघत होते, पण उंदरापासून माणसापर्यंत तो पिसवा नेतात हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं ते १८९८ला.

पुण्याचं ताजं उदाहरण. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट एकदम वाढले, बोट पाण्याकडे गेलं, आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. आता हा जंतू तुमच्या रोजच्या मॅकॉन्की प्लेटवर ३७ डिग्रीला रात्रभर ठेवून कधीच दिसणार नाही, त्याला कमी ऑक्सिजन लागतो, वेगळी प्लेट लागते आणि ४२ डिग्री त्याला मानवते. म्हणजे कुणीतरी आधी 'हा असू शकतो' असं म्हणायला हवं, मगच तो सापडणार. जे शोधाल तेच सापडतं. म्हणून फॉर्मवर 'स्टूल कल्चर' एवढंच लिहून आलं की वॉर्डला फोन करायचा, काय होतंय पेशंटला, भाताच्या पेजेसारखे जुलाब आहेत का, रक्त पडतंय का. पेजेसारखे म्हटले की माझा हात आधी अल्कलाइन पेप्टोन वॉटरकडे आणि मग टीसीबीएस प्लेटकडे जातो, कारण मनात कॉलरा येतो आणि हे दोन्ही त्याच्या जंतूसाठीचे खास मीडिया.

नमुना चुकला की पुढचं सगळं फुकट

आपण एक साधी लघवीची डबी घेऊन शेवटपर्यंत जाऊ. तरुण बाई, दोन दिवस जळजळ, थोडा ताप. डबी स्टराइल हवी, घरच्या औषधाची धुतलेली बाटली नाही (अजूनही येतात, मधाची बाटली पण आलेली आहे). पाण्याने स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार. हे पेशंटला तोंडाने समजावून सांगावं लागतं, कागद चिकटवून भागत नाही.

आणि वेळ. दोन तासांत बेंचवर, नाहीतर फ्रिजमध्ये चार डिग्रीला. का ते हिशोबाने बघा. ई. कोलाय या जंतूला चांगली ऊब मिळाली की वीस मिनिटांत दुप्पट होतो, दोन तासांत सहा वेळा दुप्पट म्हणजे एकाचे चौसष्ट. म्हणजे सकाळी सहाला दिलेली डबी वॉर्डच्या खिडकीत उन्हात अकरापर्यंत बसली तर तुम्ही पेशंटचं इन्फेक्शन नाही मोजत, खिडकीतलं मोजता. अशी डबी आली तर मी सरळ परत पाठवते, शिव्या खाते, पण पाठवते.

ग्रॅम स्टेन, इथे घाई नको

१८८४ची पद्धत आहे. हान्स ख्रिश्चन ग्रॅम नावाचा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुप्फुसात जंतू शोधत होता, तिथे ही निघाली आणि आपण आज पण तीच करतो.

स्लाइडवर नमुन्याचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, इतका पातळ की खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. हवेत पूर्ण सुकू द्या, मग ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा, भाजायचं नाही, मनगटाला लावून बघा सोसेल एवढंच गरम. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी. आयोडीन एक मिनिट, पाणी. मग डिकलरायझर, म्हणजे रंग काढणारं द्रव. नव्या माणसाचं सगळं इथेच बिघडतं. स्लाइड तिरपी धरून थेंब थेंब सोडायचं आणि निळा रंग वाहायचा थांबला की त्याच क्षणी पाणी, अ‍ॅसिटोन असेल तर दोन-तीन सेकंदाचं काम आहे. मग सॅफ्रनिन अर्धा ते एक मिनिट, पाणी, सुकवा, तेल टाका, बघा. जांभळे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम निगेटिव्ह. पॉझिटिव्हच्या अंगावर पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत असते, ती व्हायोलेट-आयोडीनची गाठ आत धरून ठेवते. निगेटिव्हची भिंत पातळ, बाहेरचं चरबीचं आवरण डिकलरायझरने विरघळतं आणि रंग निघून जातो.

माझी पहिल्या वर्षातली गोष्ट. पसची स्लाइड, डिकलरायझर टाकलं आणि तेवढ्यात फोन वाजला, मी फोन घेतला. नंतर बघते तर गुलाबी गोल गोल जंतू, मी 'ग्रॅम निगेटिव्ह कोकाय' लिहून मोकळी. दुसऱ्या दिवशी प्लेटवर सोनेरी पिवळ्या कॉलनी, चांगला स्टॅफ ऑरिअस, आणि सर काहीच बोलले नाहीत, फक्त स्लाइड आणि प्लेट माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. तेव्हापासून दोन सवयी लागल्या त्या तुम्ही पण लावून घ्या. एक, आधी पस सेल (पुवातल्या पांढऱ्या पेशी) शोधायचे, त्यांचं केंद्रक गुलाबी दिसलंच पाहिजे, ते जांभळं असेल तर रंग नीट निघालेला नाही. दोन, स्लाइडच्या कडेला माहीत असलेला स्टॅफ आणि ई. कोलाय मिसळून एक ठिपका द्यायचा. दोघांचे रंग आपापले आले तर स्टेन बरोबर, आणि सगळंच गुलाबी झालं तर फोनवाली चूक तुमची पण झाली. शिळ्या प्लेटवरून ग्रॅम करू नका, म्हातारे पॉझिटिव्ह पण रंग सोडतात.

आपल्या बाईच्या लघवीचं काय, तर न फिरवलेल्या लघवीचा एक थेंब सुकवून ग्रॅम केलं आणि तेलाच्या लेन्सखाली दर फील्डला एक तरी जंतू दिसला की साधारण मिलीलीटरला एक लाख धरा. गुलाबी दांडे दिसले, सोबत पस सेल. आता अर्धं काम झालंय, कारण स्टॅफ, स्ट्रेप, एंटरोकोकस हे सगळे जांभळे गोल जंतू यादीतून गेले.

प्लेट टाकणं

मीडियात जेली येते ती अगारमुळे, म्हणजे आपल्या किराणा दुकानातला चायना ग्रास. १८८१च्या सुमाराला कॉखच्या लॅबमध्ये जिलेटिन वापरायचे, ते ३७ डिग्रीला पाणी व्हायचं. तिथल्याच एका संशोधकाची बायको फॅनी हेसे, ती स्वयंपाकात अगार वापरायची, तिने सुचवलं आणि प्रश्न मिटला. मायक्रोबायोलॉजी स्वयंपाकघरातून आलेली आहे हे मी आईला सांगते तेव्हा ती म्हणते मग डाळ तरी नीट शिजव.

लघवीसाठी एक मायक्रोलिटरचा कॅलिब्रेटेड लूप. डबी हलवून घ्या, लूप उभा बुडवा, आडवा बुडवला तर जास्त येतं. प्लेट म्हणजे ब्लड अगार (यात रक्त असतं) आणि मॅकॉन्की, नाहीतर क्लेड. मधून एक रेघ आणि तिच्यावर आडवं सगळीकडे. पस वगैरेला मात्र चार भागात स्ट्रीक (लूपने रेघा ओढणं), दर भागानंतर लूप लाल करून गार करायचा, म्हणजे शेवटच्या भागात सुट्या कॉलनी (एकाच जंतूपासून वाढलेले ठिपके) येतात. सुटी कॉलनी नसेल तर पुढची एकही टेस्ट करू नका, दोन जंतूंच्या मिश्रणावर केलेली टेस्ट तिसऱ्याच जंतूचं नाव सांगते. प्लेट उलटी ठेवा, झाकणावरचं पाणी खाली पडलं की सगळ्या कॉलनी एकमेकात मिसळतात. नाव प्लेटच्या तळावर लिहा, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. ३५ ते ३७ डिग्री, अठरा ते चोवीस तास.

सकाळी प्लेट वाचताना

आधी मोजा. एका मायक्रोलिटरला शंभर कॉलनी म्हणजे मिलीलीटरला एक लाख. तीन-चार प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर बहुतेक नमुना घेतानाच गोंधळ झालाय, परत मागवा, बळंच तिघांची नावं काढत बसू नका.

मग रंग. मॅकॉन्कीवर गुलाबी म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) खाणारा. चपट्या, कोरड्या गुलाबी असतील तर ई. कोलाय मनात येतो, शेंबडासारख्या चिकट, एकमेकात वाहणाऱ्या असतील तर क्लेबसिएला. फिक्या म्हणजे लॅक्टोज न खाणारे, त्यात साल्मोनेला, शिगेला, प्रोटिअस, स्यूडोमोनास. प्रोटिअस ब्लड अगारवर लाटांसारखा पसरतो, सगळी प्लेट खातो, क्लेडवर तसा पसरत नाही, म्हणूनच लघवीला क्लेड बरं. स्यूडोमोनास प्लेटला हिरवट रंग देतो.

त्याचा गोडसर वास येतो असं सगळे सांगतात आणि जुनी माणसं झाकण उघडून हुंगतात पण. तुम्ही हुंगू नका. ब्लड कल्चरच्या बाटलीतून तीन-चार दिवसांनी बारीक ग्रॅम निगेटिव्ह कोकोबॅसिलाय (आखूड, जवळजवळ गोल दांडे) आले आणि पेशंट गुराढोरात काम करणारा असला, कच्चं दूध पिणारा असला, तर तो ब्रुसेला असू शकतो, आणि ब्रुसेला लॅबवाल्यांनाच गाठण्यात पटाईत आहे. अशी प्लेट टेप लावून कॅबिनेटमध्ये, आणि आधी लॅब बघणाऱ्या मॅडमना फोन, मग बाकीचं.

आता टेस्ट, पण एका वेळी एक प्रश्न

वीस टेस्ट एकदम लावायचा मोह होतो. आधी ग्रॅमने दोन वाटा केल्यात ना, त्याच वाटेने जायचं.

जांभळे गोल असतील तर पहिली कॅटालेज. स्लाइडवर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, लाकडी काडीने कॉलनी, बुडबुडे आले तर स्टॅफ, नाही आले तर स्ट्रेप किंवा एंटरोकोकस. नायक्रोमचा लूप वापरू नका, तो स्वतःच बुडबुडे काढू शकतो, आणि ब्लड अगारवरून घेताना खालचं रक्त खरवडू नका, तांबड्या पेशीत पण कॅटालेज असतं. स्टॅफ निघाला तर कोॲग्युलेज, ट्यूबमध्ये प्लाझ्मा, ३७ डिग्री, चार तासांनी बघा, गाठ झाली तर ऑरिअस. चार तासांनीच का, तर काही जंतू नंतर ती गाठ विरघळवून टाकतात आणि सकाळी आलात तर निगेटिव्ह दिसतं. तेव्हा निगेटिव्ह असेल तर मात्र रात्रभर ठेवून परत बघा. स्ट्रेप निघाला तर आधी ब्लड अगार उजेडात धरा, भोवती स्वच्छ पारदर्शक वलय की हिरवट, तिथून पुढे बॅसिट्रॅसिन नाहीतर ऑप्टोचिनची डिस्क, तो त्याला मरतो का बघायला.

गुलाबी दांडे असतील तर पहिली ऑक्सिडेज. फिल्टर पेपरवर रिएजंट, काडीने घासा, दहा सेकंदात गर्द जांभळं झालं तर पॉझिटिव्ह, मिनिटाने झालं तर ते धरायचं नाही. पॉझिटिव्ह असेल तर स्यूडोमोनास, व्हिब्रिओ त्या बाजूला. निगेटिव्ह असेल तर ई. कोलायचं खानदान. आमच्या बाईचा निगेटिव्ह आला, कॉलनी चपट्या गुलाबी.

मग रात्रभराचा सेट. टीएसआय (जंतू कुठल्या साखरा खातो, गॅस काढतो का ते दाखवणारी नळी), तिरपा भाग पिवळा, तळ पिवळा आणि गॅसमुळे मीडिया फुटलेला. इंडोलला कोव्हॅक रिएजंट टाकल्यावर लाल कडी. सायट्रेट हिरवं राहिलं. युरिएज पिवळंच. मोटाइल, म्हणजे हलणारा. हे सगळं ई. कोलायकडे जातं. क्लेबसिएला न्यूमोनिई असता तर इंडोल निगेटिव्ह, सायट्रेट निळं, युरिएज सावकाश गुलाबी, आणि तो जागचा हलत नाही. प्रोटिअसचं युरिएज काही तासांतच भडक गुलाबी होतं आणि टीएसआय हायड्रोजन सल्फाइडने काळं. टायफीचं टीएसआय फसवं असतं, वर लाल, खाली पिवळं, गॅस नाही आणि मधे काळी बारीक रेघ, कधी तीही नाही. ते नीट बघून ठेवा कारण हा सुटला तर महागात पडतं.

मोठ्या हॉस्पिटलात माल्डी-टॉफ मशीन आहे, कॉलनी लावली की काही मिनिटांत नाव. छान आहे, मिळालं तर मी पण घेईन. पण ते पण ई. कोलाय आणि शिगेलात गडबडतं, दोघं एकमेकांच्या इतके जवळचे आहेत, तिथे परत लॅक्टोज आणि मोटिलिटीच बघावी लागते.

नाव आलं, आता ते पेशंटला जुळतंय का

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. जंतू सापडला म्हणजे आजार त्याचाच असं नाही. दोन ब्लड कल्चर बाटल्यांपैकी एकीतच कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ आला, पेशंट बरा दिसतोय, तर तो बहुतेक कातडीवरचा, सुई टोचताना गेलेला. तोच दोन्हीत आला आणि पेशंटला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे, तर वेगळी गोष्ट. आयसीयूतून आठवड्यात तीन पेशंटना क्लेबसिएला आला आणि तिघांचा सेन्सिटिव्हिटी पॅटर्न (कुठली अँटिबायोटिक चालतात, कुठली नाही) सारखाच, तर तो बहुधा कुणाच्या तरी हातावरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातोय, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरला लगेच सांगा, रिपोर्टची वाट बघू नका. वर जे तीन प्रश्न सांगितले ते इथे परत उपयोगी पडतात.

आमच्या बाईला जळजळ होती, पस सेल होते, एकच जंतू एक लाखाच्या वर. जुळलं. मग म्युलर-हिंटन प्लेटवर सेन्सिटिव्हिटी, जंतूच्या पाण्याचा अर्धा मॅकफारलंड (ठरलेलं माप) गढूळपणा जुळवून, अँटिबायोटिकच्या डिस्क लावून, सोळा-अठरा तासांनी वलयं मोजायची. तो वेगळाच विषय आहे, त्याचं नंतर लिहीन.

रिपोर्ट सोडला तरी प्लेट लगेच टाकू नका, आम्ही दोन-तीन दिवस फ्रिजला ठेवतो, डॉक्टर फोन करून विचारतात तेव्हा दाखवायला काहीतरी हवं. मग त्या सगळ्या ऑटोक्लेव्हला, १२१ डिग्री, पंधरा पौंड, भरलेली पिशवी असेल तर वीस मिनिटांपेक्षा जास्तच द्या, मधल्या प्लेटपर्यंत वाफ पोचायला वेळ लागतो, इंडिकेटर टेपचा रंग बदललाय का बघा आणि मगच कचऱ्याच्या गाडीला द्या. बेंच एक टक्का हायपोक्लोराइटने पुसा, ते रोज ताजं करायचं, कालचं वापरू नका. आणि अ‍ॅप्रन लॅबमध्येच टांगून जा, मी एकदा तोच घालून कँटीनला गेले होते, सिस्टरांनी चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला होता.